प्रस्तावना : एकाच फायबरवर दोन वायदे

कोथरूडमध्ये घर कुठे संपते आणि ऑफिस कुठे सुरू होते, हे सांगणे कठीण. मयूर कॉलनीतल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये सीएचे कार्यालय असते, त्याच्या डोक्यावर निवृत्त प्राध्यापक राहतात, शेजारच्या विंगेत हिंजवडीच्या कंपनीतले जोडपे आठवड्यातले काही दिवस घरूनच लॉग-इन होते. कर्वे रस्त्याला लागून स्कॅन सेंटर, डहाणूकर कॉलनीत चार माणसांचा ॲनिमेशन स्टुडिओ. आयटी पार्कमध्ये टेलिकॉम कंपन्या आपणहून स्वतंत्र फायबर आणून ठेवतात, कारण तिथे एका इमारतीत ढीगभर गिऱ्हाइके मिळतात. कोथरूडमध्ये एका गल्लीत एखादेच मिळते आणि त्या एकासाठी रस्ता खोदणे कुणाला परवडत नाही. पण त्याच गल्लीत, बहुधा त्याच इमारतीच्या जिन्यात, घरगुती ब्रॉडबँडचे फायबर कधीच येऊन बसलेले असते. मग त्या फायबरवरून लीज्ड लाइन देता येईल का? आणि दिली, तर तिला लीज्ड लाइन म्हणून बिल लावणे प्रामाणिकपणाचे आहे का? हे पुस्तक या दोन प्रश्नांभोवती उभे आहे. पहिल्याचे उत्तर तंत्रज्ञानाने केव्हाच दिले. दुसऱ्यावर अजून भांडणे होतात आणि माझ्या मते ती व्हायलाच हवीत.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी थोडी ओळख. लीज्ड लाइन म्हणजे दोन ठिकाणांमधली, किंवा एक ठिकाण आणि इंटरनेट यांच्यामधली, गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेली जोडणी. ती चोवीस तास चालू असते, जाण्याचा आणि येण्याचा वेग सारखाच असतो आणि बिघडली तर किती तासांत दुरुस्त होईल हे कागदावर लिहिलेले असते. ब्रॉडबँडचा हिशेब वेगळा आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २००९ च्या निर्देशांत घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास आणि व्यावसायिक ब्रॉडबँडसाठी एकास तीस असे प्रमाण सांगितले होते. म्हणजे एकाला पुरेल एवढी क्षमता पन्नास घरांत वाटून घ्यायची. यात फसवणूक काही नाही. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेगाने काही ओढत नाहीत, म्हणून हे जमते आणि म्हणूनच ते स्वस्त पडते. अडचण येते ती ‘बहुतेक वेळा जमते’ हे उत्तर ज्याला चालत नाही त्याची. महिन्याच्या वीस तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरणाऱ्या सीएला ते चालत नाही. पाचशे एमबीचा सीटी स्कॅन दुसऱ्या गावातल्या रेडिओलॉजिस्टकडे पाठवायचा आहे आणि रुग्ण टेबलावर आहे, त्या सेंटरलाही चालत नाही. वर चढवण्याचा वेग खात्रीने वीस एमबीपीएस मिळाला तर तो स्कॅन साडेतीन मिनिटांत जातो. संध्याकाळी तोच वेग दोनवर आला, तर अर्ध्या तासाहून जास्त.

राखीव जोडणीची कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. वृत्तसंस्था टेलिप्रिंटरसाठी टपाल व तार खात्याकडून सर्किटे भाड्याने घेत. वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्रंदिवस खडखडणारे ते यंत्र लीज्ड लाइनवरच चालत असे. पुण्याचे नाते तर आणखी जुने. २३ जुलै १९२७ रोजी हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बीम वायरलेस सेवा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रक्षेपण खडकीहून होई आणि तिकडचे संदेश दौंडला घेतले जात. १९७१ मध्ये नारायणगावजवळच्या आर्वीला देशातले पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र आले. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. तिच्या अगदी पहिल्या केंद्रांत पुणे होते आणि सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्यांना उपग्रहावरून ६४ केबीपीएसची जोडणी मिळू लागली. आज मोबाइलवरचा एक फोटोही त्या वेगाने जायला कंटाळेल, पण त्या जोडणीवर कंपन्या उभ्या राहिल्या.

६४ हा आकडा कुठून आला, ते समजून घेण्यासारखे आहे. एका टेलिफोन संभाषणाचे अंकीय रूप केले की सेकंदाला ६४ हजार बिट होतात. अमेरिकेत बेल कंपनीने १९६२ मध्ये अशी चोवीस संभाषणे एकत्र बांधून टी-वन आणले. युरोपने आणि पाठोपाठ आपण बत्तीस कप्प्यांचे ई-वन घेतले, म्हणजे २.०४८ एमबीपीएस. म्हणून जुन्या लीज्ड लाइन ६४, १२८, २५६ केबीपीएस आणि मग एकदम २ एमबीपीएस अशा पायऱ्यांनी विकल्या जात. गिऱ्हाइकाला दहा एमबीपीएस हवे असले तर पाच ई-वन जोडून द्यावे लागत. हे सारे जग टेलिफोनच्या मापाने शिवलेले होते.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, १ ऑक्टोबर २००० ला बीएसएनएल जन्माला आली. तिच्या एमएलएलएन या जाळ्यातून लीज्ड लाइनची जुळणी पडद्यावरून करता येऊ लागली. त्याआधी एक्स्चेंजच्या एमडीएफ या तारा जोडण्याच्या चौकटीवर जंपर टाकत एकेक सर्किट हाताने पुढे न्यावे लागे. २००५ मध्ये ट्रायने देशांतर्गत लीज्ड सर्किटच्या कमाल दरांना मोठी कात्री लावली. त्याच वर्षी जानेवारीत बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले आणि २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणणारे सरकारी धोरण कोथरूडच्या घराघरांत एडीएसएल मोडेमच्या रूपाने शिरले. ती व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली.

इथे एक गोष्ट जुन्या पिढीतल्या इंजिनिअरांना खटकेल, पण सांगायलाच हवी. ‘खरी लीज्ड लाइन म्हणजे स्वतंत्र तार’ हा समज कधीच पूर्ण खरा नव्हता. एक्स्चेंजपासून गिऱ्हाइकापर्यंत येणारी ती तांब्याची जोडी टेलिफोनच्या शेकडो जोड्यांबरोबर त्याच केबलमध्ये असायची, त्याच पिलरमधून जायची, त्याच चेंबरमधल्या जॉइंटवर अवलंबून असायची. जुलैच्या पावसात जॉइंटमध्ये पाणी शिरले की गल्लीतले फोन आणि बँकेची लीज्ड लाइन एकत्रच मरत. फरक दोन ठिकाणी होता. एक्स्चेंजच्या पुढे त्या लाइनसाठी कप्पा राखलेला असे, तो रिकामा गेला तरी दुसऱ्याला मिळत नसे. आणि तक्रार आली की लाइनमन आधी तिकडे जाई. लीज्ड लाइन तेव्हाही सामायिक जाळ्यावरच चालत होती. म्हणून ‘ब्रॉडबँडच्या जाळ्यावर लीज्ड लाइन’ ऐकून नाक मुरडणाऱ्यांना मी विचारतो, कप्पा राखला आहे का आणि माणूस आधी येतो का, एवढेच सांगा. बाकीचे नंतर बोलू.

कप्पा राखायचा कसा, यावरून या क्षेत्रात निरनिराळी घराणी पडली आहेत. पहिले घराणे सर्किटवाल्यांचे. त्यांच्या मते कप्पा म्हणजे काळाचा ठरावीक तुकडा. त्यात कुणाची भेसळ नाही. पाकिटांच्या जाळ्यावर जावेच लागले, तर हे लोक ई-वनची हुबेहूब नक्कल करतात: सतत वाहणारे बिट पाकिटांत भरायचे, पलीकडे उतरवून पुन्हा सलग प्रवाह करायचा. घड्याळ जुळवणे हे त्यातले खरे दुखणे. जुने ईपीएबीएक्स आणि काही वायरलेस यंत्रणा यांच्यापुरते आज ते उरले आहे.

दुसरे घराणे एमपीएलएस आणि कॅरिअर इथरनेटवाल्यांचे. २००१ मध्ये मेट्रो इथरनेट फोरम स्थापन झाला, तेव्हापासून हे लोक सांगत आले की वेग हमीने देता येतो, फक्त त्यासाठी सर्किट लागत नाही. पाकिटावर गिऱ्हाइकाची खूण लावा, वाटेतल्या प्रत्येक यंत्राला त्या खुणेचा मान राखायला शिकवा, आणि आहे त्या क्षमतेहून जास्त विकू नका. शेवटची अट सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत जास्त मोडली जाते. ब्रिटनमध्ये रस्त्याच्या कडेच्या कॅबिनेटपर्यंत आलेल्या ब्रॉडबँड फायबरवरून आणि पुढच्या तांब्यावरून हमीच्या इथरनेट सेवा विकल्या गेल्या. अमेरिकेत केबल टीव्ही कंपन्यांनी आपल्या जाळ्यावरून धंदेवाल्यांना खासगी जोडण्या दिल्या. दोन्हीकडे हेच तत्त्व.

तिसरे घराणे अलीकडचे आणि बोलघेवडे. त्यांना वाटेची फिकीर नाही. कुठलीही दोन ब्रॉडबँड कनेक्शने घ्या, त्यांवरून सांकेतिक बोगदे काढा, यंत्र क्षणाक्षणाला दोन्ही वाटा मोजत राहील आणि चांगली असेल तिकडून पाठवील. एसडी-वॅन या नावाने ते विकले जाते. दुकानांच्या साखळीला, क्लासच्या शाखांना ते छान चालते. पण मोजणे म्हणजे हमी देणे नव्हे, आणि दोन्ही वाटा एकाच वेळी आजारी पडल्या तर हे यंत्र फक्त तेवढे अचूक कळवते.

कोथरूडच्या दृष्टीने मोलाचे घराणे चौथे, पॉनवाल्यांचे, म्हणजे एकच फायबर अनेकांत वाटणाऱ्यांचे; पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्यावर खर्ची पडला आहे आणि ते योग्यच आहे. आज गल्लीतले ब्रॉडबँड म्हणजे बहुतेक ठिकाणी जीपॉन. पौड रस्त्यावरच्या एखाद्या इमारतीत ओएलटी, म्हणजे ऑपरेटरच्या टोकाचा यंत्रसंच, असतो. तिथून निघालेल्या एका फायबरला सोसायटीच्या भिंतीवरच्या पेटीत स्प्लिटर लागतो आणि त्याचे बत्तीस किंवा चौसष्ट फाटे होतात. खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, वर जाणारा १३१० चा. खालच्या दिशेने २.४८८ जीबीपीएस, वरच्या दिशेने १.२४४. खाली येणारा मजकूर सगळ्या फाट्यांवर जातो आणि प्रत्येक ओएनटी, म्हणजे गिऱ्हाइकाकडचा डबा, आपला तेवढा उचलतो. म्हणून लीज्ड लाइन घेणाऱ्याने सांकेतिकीकरण चालू आहे का, हे विचारलेच पाहिजे. वर जाताना मात्र सगळ्यांनी एकदम बोलून चालत नाही. कुणी कधी आणि किती वेळ बोलायचे, हे ओएलटी दर १२५ मायक्रोसेकंदांच्या चौकटीत ठरवून देतो.

राखीव कप्पा नेमका इथे सापडतो. या वाटपात टी-कॉन्ट नावाचे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात गिऱ्हाइकाचा वेळ कायमचा बाजूला काढलेला असतो. त्याने काही पाठवले नाही तरी तो दुसऱ्याला मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात हमी तेवढीच, पण रिकामा वेळ तात्पुरता शेजाऱ्याला वापरू देतात. चौथा प्रकार उरलेसुरले वाटून घेणाऱ्यांचा. घरगुती ब्रॉडबँड तिथे बसते. चौसष्ट जोडण्यांच्या एका पॉनवर शंभर-शंभर एमबीपीएसच्या तीन लीज्ड लाइन दिल्या, तर वरच्या दिशेचे तीनशे राखले गेले आणि व्यवस्थापनाचा खर्च वजा जाता साधारण नऊशे उरलेल्या एकसष्टांना राहिले. कुणाचेही बिघडत नाही. त्यात कोथरूडची दिनचर्या मदतीला येते: कार्यालयांची गर्दी सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, घरांची रात्री नऊला. तीन लाइनच्या जागी दहा विकल्या की मात्र वाटोळे होते. आणि ओएलटी ते करू देतो, कारण पुढचे जाळे त्याला दिसत नाही. पॉनवर राखलेला कप्पा ओएलटीच्या वर जाणाऱ्या लिंकवरही राखला नसेल, तर सगळी मेहनत पहिल्याच चौकात वाया जाते.

प्रकाशाचा हिशेबही असाच धडधडीत आहे. ओएलटी सुमारे +३ डीबीएमने बोलतो. एकास बत्तीसचा स्प्लिटर सतरा डीबी खातो, चार किलोमीटर फायबर दीड-दोन, कनेक्टर आणि जॉइंट मिळून दोन. ओएनटीवर उणे अठराच्या आसपास उरते. प्रचलित वर्गातल्या ओएनटीला उणे सत्तावीसपर्यंत ऐकू येते, म्हणजे नऊ डीबी शिल्लक. मग जिन्यात एक नवे कनेक्शन द्यायचे म्हणून कुणी मध्येच एकास दोनचा स्प्लिटर टाकतो, साडेतीन गेले. खिळ्याला फायबर घट्ट गुंडाळले, दोन गेले. कनेक्टर न पुसता खोचला, आणखी एक-दीड. ओएनटी उणे पंचवीसवर आला तरी हिरवा दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश होते, आणि पहिल्या पावसात लाल दिवा लुकलुकू लागतो. माझे मत स्पष्ट आहे: पॉवर मीटरवर उणे बावीसपेक्षा खराब आकडा दिसत असेल तिथे लीज्ड लाइन विकू नये. घरगुती ब्रॉडबँड विकावे, आणि तसे तोंडावर सांगावे.

तरीही पॉन जे देऊ शकत नाही ते म्हणजे दुसरी वाट. मुख्य फायबर तुटले की चौसष्ट जण एकत्र जातात. वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो ६ मार्च २०२२ ला धावू लागली. त्याआधीच्या खोदाईच्या वर्षांत ‘फायबर तुटली’ हे दोन शब्द पौड रस्त्यावरच्या ऑपरेटरच्या फोनवर सर्वांत जास्त ऐकू येत असणार. विसर्जन मिरवणुकीआधी आडव्या केबल उचलल्या किंवा छाटल्या जातात, वादळी पावसात फांदी पडते. यावर उपाय म्हणून लोक दोन कंपन्यांची कनेक्शने घेतात. दोन कंपन्या, दोन बिले, आणि दोन्ही केबल एकाच गुलमोहरावरून गेलेल्या. दुसरी वाट खरोखर दुसरी आहे का, हे गच्चीवर जाऊन डोळ्यांनी पाहावे. सप्टेंबर २०२३ मध्ये जिओ एअरफायबर ज्या आठ शहरांत सुरू झाले त्यांत पुणे होते. अशी बिनतारी जोडणी मुख्य लाइन म्हणून मला पटत नाही, पण दुसरी वाट म्हणून चांगली आहे, कारण तिला झाड लागत नाही.

आताच हे पुस्तक का, याचे उत्तर मार्च २०२० मध्ये आहे. त्याआधी कॉल सेंटर किंवा आउटसोर्सिंग कंपनीच्या माणसाला घरून काम करायचे असेल, तर नियमाने परवानाधारक कंपनीकडूनच घेतलेली खासगी जोडणी घरापर्यंत न्यावी लागे. टाळेबंदीच्या तोंडावर दूरसंचार विभागाने ही अट सैल केली, ५ नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तो सगळा डोलाराच उतरवला. एका फटक्यात कोथरूडच्या बेडरूम म्हणजे कार्यालये झाली, आणि टाळेबंदीच्या काळात तरी रात्री नऊची गर्दी व सकाळी अकराची गर्दी एकमेकींत मिसळली. दुसरे कारण तांबे संपत आले हे. बीएसएनएलने फायबरसाठी स्थानिक केबलवाल्यांना महसुलात वाटा देऊन भागीदार केले; कालपर्यंत टीव्हीचे चॅनेल लावून देणारा माणूस आज हमीची जोडणी विकायला बसला आहे. त्याच्याकडे स्प्लायसिंग मशीन आहे, गल्लीची नस न् नस माहीत आहे. सेवा-हमीचा करार कसा लिहावा, हे मात्र त्याला कुणी मराठीत सांगितलेले नाही.

आणि करारातच खरी मेख आहे. ९९.५ टक्के चालू राहण्याची हमी ऐकायला भारी वाटते; तीस दिवसांच्या महिन्यात तिचा अर्थ ३ तास ३६ मिनिटे बंद. ९९.९ म्हटले तर ४३ मिनिटे. कोथरूडमध्ये तुटलेले फायबर शोधून, शिडी लावून, जोडून, मीटर लावून परत येईपर्यंत ४३ मिनिटे कशी पुरतील? ज्याची दुसरी वाट तयार नाही त्याने ९९.९ लिहिणे म्हणजे दंड भरण्याची तयारी, नाहीतर न भरण्याची. परवान्याची बाजूही इथेच येते. इंटरनेट सेवेच्या परवान्यावर इंटरनेट लीज्ड लाइन देता येते. गिऱ्हाइकाच्या दोन कार्यालयांमधले खासगी सर्किट विकायचे तर वेगळी परवानगी लागते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने परवान्यांची चौकट बदलायला घेतली आहे आणि खोदाई-खांबांसाठीचे राइट ऑफ वेचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. लहान ऑपरेटरने हे समजून घेतल्याशिवाय मयूर कॉलनी ते डहाणूकर कॉलनी अशी लाइन विकण्याच्या फंदात पडू नये.

लेखकाने या पसाऱ्यातून आपली वाट काढली आहे. हे यंत्रांच्या कमांडचे पुस्तक नाही; ते निर्मात्यांच्या पुस्तिकांत मिळते आणि दर दोन वर्षांनी बदलते. एक हमी ओएनटीपासून पलीकडच्या टोकापर्यंत कुठेकुठे गळते आणि प्रत्येक सांध्यावर ती कशी मोजायची, हा त्याचा विषय. मोजण्याच्या पद्धतींवर लेखकाने इतका भर दिला आहे की काही वाचक कंटाळतील. मला तो आवडला, कारण आपल्याकडे लाइन चालू करून देताना मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवून सही घेण्याची पद्धत रुजली आहे. माझी तक्रार एकच. दहा जीबीपीएसच्या एक्सजीएस-पॉनबद्दल लेखक फार आशावादी आहे. वरची दिशाही दहाची झाली की कप्प्यांची चणचण संपेल, असे त्याला वाटते. क्षमता वाढली की विक्रीही तेवढीच वाढते, हा माझा अनुभव. चणचण फक्त पुढच्या लिंकवर सरकते.

पुस्तक दोघांसाठी आहे, विकणाऱ्यासाठी आणि घेणाऱ्यासाठी, आणि दोघांनी एकच प्रत वाचावी असे माझे म्हणणे आहे. घेणाऱ्याला घाई असेल तर त्याने करारावरचे प्रकरण आधी वाचावे, आपले सध्याचे बिल शेजारी ठेवून. विकणाऱ्याने काहीही मागेपुढे करावे, पण प्रकाशाच्या हिशेबाचे प्रकरण वगळू नये, आणि ते वाचून झाल्यावर आपल्या सर्वांत जुन्या पाच गिऱ्हाइकांच्या ओएनटीवर जाऊन मीटर लावावे.